‘गाढ’ म्हणजे किती खोल? मराठीत नव्याने लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मी इंदूरला वाढले. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत दोन्हींची मिसळ. लग्नानंतर पुण्यात आले आणि भाषांतराची कामं घ्यायला लागले. पहिलंच काम झोपेवरच्या आरोग्य-पुस्तिकेचं होतं. सोळा पानांची ती पुस्तिका मी मन लावून केली, दोनदा तपासली आणि दिली. परत आली तेव्हा अकरा ठिकाणी लाल गोल होते आणि प्रत्येक गोलात एकच शब्द अडकला होता: ‘खोल’. मी सगळीकडे ‘खोल झोप’ लिहिलं होतं.

मुद्रितं तपासणारे काका वयाने मोठे होते. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “पोरी, खोल विहीर असते. झोप गाढ असते.” मी विचारलं, का? ते म्हणाले, “असंच म्हणतात.”

ते बरोबर सांगत होते. पण ‘असंच म्हणतात’ हे उत्तर ज्याच्या कानावर ते लहानपणापासून पडलेलं असतं त्यालाच पुरतं. बाहेर वाढलेल्याला, इंग्रजी माध्यमातून शिकून आता मराठीकडे वळलेल्याला किंवा मराठी नव्यानेच शिकणाऱ्याला ते पुरत नाही. खोली आणि तीव्रता सांगणाऱ्या या एका शब्दाभोवती मी बरीच वर्षं चाचपडले. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून मी ज्या क्रमाने शिकले, किंवा शिकायला हवं होतं, त्या क्रमाने हे लिहिते आहे.

काय काय जवळ ठेवाल

फार काही लागत नाही.

- एक वही. साधी, पण फक्त याच कामासाठी ठेवलेली. तिचं काय करायचं ते तिसऱ्या पायरीत सांगते.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. जुना असला तरी कोणता शब्द कशाबरोबर जातो हे तो फार चांगलं दाखवतो.
- दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. विकत घ्यायची गरज नाही. हा आणि मोल्सवर्थ, दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात फुकट शोधता येतात. शोधताना शब्द देवनागरीतच टंकावा.
- रोजचं एक मराठी वर्तमानपत्र आणि शक्य असेल तर एखादा जुना दिवाळी अंक.
- घरातलं किंवा शेजारचं एखादं वयस्कर माणूस, जे आयुष्यभर मराठीच बोललं आहे. हे साधन सर्वांत मोलाचं.

१. आधी शब्द नीट लिहा

‘गाड झोप’ असं लिहिलेलं मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. बोलताना शेवटच्या ‘ढ’मधला हकार पुसट होतो आणि कान ‘ड’ ऐकतो, म्हणून ही चूक होते. शब्द ‘गाढ’ आहे, ढगातला ढ. इन्स्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही अक्षरं एकाच कळीवर आहेत: नुसती दाबली की ड, शिफ्टसह दाबली की ढ. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांनी तर पुढे येणारा पर्याय न वाचता कधीच स्वीकारू नये. तिथे गढ, गाड, गाध असं काहीही समोर येतं.

‘गाडणे’ या क्रियापदाशी याचा संबंध नाही. आणि कोशात ‘गाढ’च्या खालीच ‘गाढव’ भेटेल, तो ‘गर्दभ’पासून आलेला. शेजार फक्त वर्णक्रमाचा आहे.

२. मुळाशी एकदा जाऊन या

ही पायरी गाळून पुढे जावंसं वाटेल. कृपा करून गाळू नका. माझा गोंधळ इथेच सुटला.

संस्कृतात ‘गाह्’ असा धातू आहे. पाण्यात शिरणे, बुडी मारणे, पाणी ढवळणे हा त्याचा अर्थ. ‘अवगाहन’ म्हणजे पाण्यात उतरून केलेलं स्नान, ते याच धातूचं. त्याचं भूतकालवाचक विशेषण ‘गाढ’: शिरलेला, बुडालेला. शेवटचा ‘ह्’ आणि पुढचा ‘त’ एकत्र येऊन ‘ढ’ कसा होतो ते पाहायचं असेल तर त्याची भावंडं आठवा. मुह् पासून मूढ, गुह् पासून गूढ, रुह् पासून रूढ. ‘वह्’चं ‘ऊढ’ होतं आणि त्याला ‘प्र’ लागला की आपला ‘प्रौढ’. हे समजलं त्या दिवसापासून ‘गाड’ लिहिणं मला अशक्य झालं.

म्हणजे ‘गाढ’मधली खोली विहिरीच्या काठावरून पाहिलेली नाही. ती पाण्यात उतरलेल्या माणसाची आहे. काठावर उभं राहून आपण म्हणतो, ‘किती खोल आहे!’ आत गेलेला, वरचा आवाज ज्याच्यापर्यंत पोचत नाही असा जो, त्याची अवस्था गाढ. म्हणून झोप गाढ असते. झोपेच्या काठावर उभं राहून ती कोणी पाहत नाही, माणूस तिच्यात असतो.

संस्कृतात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला: घट्ट, आवळलेला. ‘गाढालिंगन’मध्ये तो दिसतो. आणि तिथून तिसरा: अतिशय. अमरकोशात ‘पुष्कळ, अतिशय’ हा भाव सांगणाऱ्या शब्दांच्या ओळीत तीव्र, नितांत, दृढ यांच्याबरोबर गाढ बसलेला आहे. बुडालेला, घट्ट आणि अतिशय, हे तीन धागे लक्षात ठेवा. मराठीतले ‘गाढ’चे जवळजवळ सगळे उपयोग यांतल्या एखाद्या धाग्याने बांधलेले सापडतात. गाढ झोप आणि गाढ अंधार पहिल्या धाग्याचे. गाढ विश्वास, गाढ मैत्री दुसऱ्या धाग्याचे, कारण विश्वासात कोणी बुडत नाही, विश्वास घट्ट असतो. गाढ अज्ञान हे पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधलं.

३. विशेषणापासून नव्हे, नामापासून सुरुवात करा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. नवा लिहिणारा आधी ‘खूप’ या अर्थाचा शब्द शोधतो आणि मग तो नामाला लावतो. मराठीत वाट उलटी आहे. नाम आधी येतं आणि तेच आपलं विशेषण बोलावतं. तीव्रता सांगायला मराठीकडे एक मोजपट्टी नाही, प्रत्येक वस्तूची वेगळी आहे.

पाऊस मुसळधार. थंडी कडाक्याची. ऊन रणरणतं. भूक कडकडून लागते. ताप सणसणून भरतो. निश्चय दृढ, मत ठाम, श्रद्धा अढळ, भक्ती निस्सीम, आदर नितांत. शत्रू कट्टर, वैर हाडाचं. शक्यता दाट. अन्याय घोर. झाडी गर्द, जंगल घनदाट. आजार गंभीर, वेदना तीव्र.

यातलं एकही विशेषण शेजारच्या नामाला लावून पाहा. ‘मुसळधार थंडी’, ‘कडाक्याचा विश्वास’. वाक्य लगेच मोडतं. ‘गाढ’ही या रांगेतलाच एक आहे, त्याची माणसं ठरलेली आहेत.

वही इथे लागते. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक नाम लिहा: झोप, अंधार, विश्वास, मैत्री, अभ्यास, प्रेम, दुःख. रोजच्या वाचनात त्या नामाला लागलेलं जे विशेषण भेटेल ते त्याच्या पानावर उतरवा. माझ्या वहीतली दोन पानं दाखवते.

‘झोप’ या पानावर गाढ झोप आहे, तशीच सावध झोप, अर्धवट झोप, पहाटेची साखरझोप, दुपारची वामकुक्षी, बसल्याबसल्या येणारी पेंग, एक डुलकी आणि कुंभकर्णी झोप आहे. बोलीत ‘डाराडूर झोपलाय’ म्हणतात. ‘गाढ झोपलाय’ आणि ‘डाराडूर झोपलाय’ यांत झोपेची खोली तीच, पण डाराडूरमध्ये बोलणाऱ्याचा थोडा रागही असतो: कामं पडली आहेत आणि हा झोपला आहे. आरोग्यावरच्या लेखात डाराडूर चालणार नाही. तिथे झोपेच्या ज्या टप्प्यात मेंदूच्या लहरी सर्वांत संथ होतात आणि माणसाला उठवणं अवघड जातं, त्याला ‘गाढ झोप’ हाच शब्द रुळला आहे. वेदान्ताच्या लेखात त्याच जागी ‘सुषुप्ती’ येईल.

‘अंधार’ या पानावर मिट्ट काळोख, गुडुप अंधार, किर्र रात्र, काळाकुट्ट अंधार, निबिड अंधकार, दाट काळोख आणि गाढ अंधार. सगळे अंधार सारखे नाहीत. वीज गेल्यावर घरात होतो तो गुडुप. किर्रमध्ये रातकिडे ऐकू येतात. मिट्ट म्हणजे डोळे मिटल्यासारखा. गाढ अंधार शांत असतो, त्यात काही हलत नाही. ही चव कोशात पूर्ण मिळत नाही, ती वाक्यांतून येते. म्हणून वहीत नुसता शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा.

महिनाभरात ‘गाढ’ला जवळची असलेली नामं आपोआप एका बाजूला येतील: झोप, निद्रा, मूर्च्छा, समाधी, अंधार, अज्ञान, विश्वास, श्रद्धा, प्रेम, स्नेह, मैत्री, आलिंगन, चिंतन, व्यासंग. एकत्र वाचून पाहा. यांतलं काहीच टोचणारं, उसळणारं, क्षणात पेटणारं नाही. म्हणूनच राग गाढ नसतो. भूक, वेदना, थंडी गाढ नसतात. जे टोकदार आहे त्याला मराठी ‘तीव्र’ म्हणते. जे स्थिर आहे, जड आहे, आत बसलेलं आहे त्याला गाढ. दुःखाच्या बाबतीत नवे लोक हमखास अडखळतात, कारण दुःख दोन्ही प्रकारचं असू शकतं. पण रूढी ‘तीव्र दुःख’ आणि ‘अतीव दुःख’ यांच्या बाजूची आहे. शोकसंदेशात ‘गाढ दुःख झाले’ लिहू नका.

४. मोजून पाहा

अडलात तर ही सोपी चाचणी. नामापुढे आकडा ठेवता येतो का?

विहीर चाळीस फूट खोल असते. गावाकडे अजून ‘पाच परस खोल’ म्हणणारे भेटतात, परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून धरलेलं माप. जखम बोटभर खोल असू शकते. नांगरट वीतभर खोल. जिथे फूट, परस, वीत, बोट चालतं तिथे ‘खोल’. ‘चाळीस फूट गाढ’ असं कोणी म्हणणार नाही, कारण ‘गाढ’ मोजताच येत नाही.

चाचणी उलटी मात्र लावू नका. मोजता येत नाही म्हणून ‘गाढ’च हवं असं नाही. ‘डोळे खोल गेले’, ‘आवाज खोल गेला’, ‘मनात खोलवर रुजलं’ ही सगळी न मोजता येणारी आणि अस्सल मराठी आहेत. ‘माणूस फार खोल आहे’ म्हणजे तर मनातलं बाहेर पडू देत नाही असा. त्याला ‘गाढ’ म्हणून चालत नाही.

५. ‘गाढ’ की ‘गाढा’?

मोठा सापळा. सावकाश वाचा.

दोन्ही शब्द मराठीत आहेत आणि दोघांचं व्याकरण वेगळं आहे. ‘गाढ’ बदलत नाही: गाढ झोप, गाढ विश्वास, गाढ झोपेतून. ‘गाढा’ हे आकारान्त विशेषण आहे, ते ‘मोठा’सारखं चालतं. गाढा विद्वान, गाढे पंडित, गाढ्या पंडिताने.

वापरातही फरक आहे. ‘गाढ’ बहुतेक वेळा अवस्थेला आणि भावनेला लागतो. ‘गाढा’ विद्येला आणि विद्वानाला. लक्ष्मणशास्त्री जोशी संस्कृतचे गाढे पंडित होते. इथे ‘गाढ पंडित’ लिहिलं तर वाचणारा अडखळेल. वर्तमानपत्रांत ‘इतिहासाचे गाढे अभ्यासक’ ही शब्दजोडी तुम्हाला वारंवार दिसेल. ‘गाढे’ हे आदरार्थी अनेकवचन आहे. एकाच व्यक्तीबद्दल असलं तरी ‘गाढा अभ्यासक’ म्हटलं की एकेरी होतं.

आता स्त्रियांबद्दल. दुर्गा भागवत लोकसाहित्याच्या गाढ्या अभ्यासक होत्या. ‘गाढ्या’, हे रूप लक्षात ठेवा. पुष्कळ ठिकाणी स्त्री-विद्वानांच्या परिचयातही ‘गाढे अभ्यासक’ छापलेलं दिसतं, कारण ती शब्दजोडी तशीच साच्यातून उचललेली असते. ‘मोठ्या लेखिका’ लिहिताना आपण ‘मोठे लेखिका’ लिहीत नाही, मग इथेच का? मला ही चूक केवळ व्याकरणाची वाटत नाही. आयुष्यभराच्या व्यासंगाचा उल्लेख करायचा आणि तो करताना त्या बाईचं बाईपण पुसून टाकायचं, हे मनाला लागतं. तुम्ही नव्याने लिहीत आहात, तर पहिल्या दिवसापासून ‘गाढ्या’ लिहा.

‘गाढा अभ्यास’ आणि ‘सखोल अभ्यास’ यांतही अंतर आहे. सखोल अभ्यास हाती घेता येतो. एखादी समिती दोन महिन्यांत सखोल चौकशी करून अहवाल देऊ शकते. गाढा अभ्यास हाती घेता येत नाही. तो माणसाचा असतो, वर्षानुवर्षं मुरलेला. ‘समितीने गाढा अभ्यास केला’ हे वाक्य म्हणूनच चुकतं आणि ‘त्यांचा या विषयाचा गाढा अभ्यास आहे’ हे बरोबर बसतं. क्रियापदं पाहा: सखोल अभ्यास ‘करतात’, गाढा अभ्यास ‘असतो’.

‘प्रगाढ’ हे आणखी वरच्या स्वरातलं रूप. प्रगाढ विद्वत्ता, प्रगाढ व्यासंग. गौरवलेखात एखाद्या वेळी शोभतं. त्याच्याआधी ‘अतिशय’ लावू नका, ‘प्र’ने ते काम आधीच केलेलं आहे.

६. शेजारच्या भाषांची ओढ ओळखा

ही पायरी विशेषतः महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसांसाठी. संस्कृतातला हा एकच शब्द हिंदी, गुजराती, कन्नड अशा शेजारच्या भाषांतही राहायला गेला आणि प्रत्येक घरी त्याला वेगळं काम मिळालं.

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, नागपूरच्या पुढचा पट्टा, इथे हिंदीची ओढ. हिंदीत ‘गाढ़ा’ म्हणजे दाट, घट्ट. गाढ़ा दूध, गाढ़ी चाशनी. मी पुण्यात पहिल्यांदा सासूबाईंना “आमटी गाढी झाली का?” असं विचारलं तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “घट्ट म्हणायचंय का तुला?” मराठीत आमटी घट्ट, दूध दाट, पाक पक्का किंवा कच्चा. ‘गाढ़ी कमाई’ म्हणजे आपली कष्टाची कमाई, घामाचा पैसा.

हिंदीचाच ‘गहरा’ याहून जास्त फसवतो, कारण तो एकटा आठदहा मराठी शब्दांची कामं करतो. पाणी गहरा असेल तर मराठीत खोल. नींद असेल तर गाढ. रंग असेल तर गडद. साँस असेल तर दीर्घ. दोस्ती असेल तर दाट, घट्ट, घनिष्ठ किंवा गाढ. असर असेल तर खोलवर परिणाम. सदमा असेल तर जबर धक्का. ही यादी मी टेबलासमोर चिकटवली होती, तुम्हीही चिकटवा. मराठीत ‘गहिरा’ आहे, पण तो कवितेत आणि गाण्यात जास्त रमतो. रोजच्या गद्यात ‘गहिरी झोप’ परकी वाटते.

बडोदा, सुरत, अहमदाबादकडच्यांना गुजरातीची ओढ. गुजरातीत जंगल गाढ असतं, धुकंही गाढ असतं. मराठीत जंगल घनदाट आणि धुकं दाट. कन्नड मुलखातल्यांना रंगाबाबत जपावं लागतं, कारण कन्नडमध्ये रंगालाही गाढ म्हणतात. झोपेच्या बाबतीत मात्र गुजराती, कन्नड आणि मराठी तिघी एकमताच्या आहेत, तिथे निर्धास्त राहा.

राहिली इंग्रजी. ‘डीप’ दिसला की ‘खोल’ हा हिशेब यांत्रिक भाषांतराचा आहे आणि तो पाककृतींत सर्वांत जास्त दिसतो. ‘भजी खोल तळा’ हे मी छापलेलं वाचलं आहे. आपल्याकडे भजी तळतात, एवढंच. कमी तेलात करायचं असेल तेव्हाच वेगळं सांगावं लागतं: परतणे, शॅलो फ्राय करणे. ‘खोल श्वास’ आता पुष्कळ जण म्हणतात आणि मी तो अडवत नाही, पण ‘दीर्घ श्वास’ मला अजून जवळचा वाटतो.

७. जवळचे दिसणारे, पण वेगळे

‘गहन’ म्हणजे ज्यात शिरणं अवघड. गहन प्रश्न, गहन विषय, कर्माची गती गहन. गाढमध्ये माणूस आत गेलेला आहे, गहनमध्ये तो अजून बाहेर उभा राहून वाट शोधतो आहे. म्हणून ‘गाढ प्रश्न’ होत नाही आणि ‘गहन झोप’ही होत नाही.

‘अगाध’ पाहून पुष्कळांना वाटतं की हा ‘गाढ’च्या उलट. नाही. तिथे ढ नाही, ध आहे आणि मूळही वेगळं आहे. ‘गाध’ म्हणजे जिथे पाय टेकतात असं उथळ पाणी. जिथे पाय टेकत नाहीत ते अगाध. देवाची लीला अगाध, ज्ञान अगाध. ‘अथांग’ही त्याच कल्पनेचा: ज्याचा थांग लागत नाही तो समुद्र.

‘दाट’ आणि ‘गाढ’ मैत्रीत एकमेकांच्या जागी चालतात, पण ओळख फक्त दाट असते. गाढ ओळख होत नाही.

८. क्रियापद जपून निवडा

विशेषण अचूक असूनही वाक्य परकं वाटलं तर दोष बहुधा क्रियापदात असतो. ‘ती गाढ झोपेत पडली’ असं मराठीत होत नाही. तिला गाढ झोप लागली. ती गाढ झोपली. ती गाढ झोपेत होती. दुसऱ्या वाक्यात ‘गाढ’ क्रियाविशेषण झाला आहे आणि तिथेही तो बदलत नाही: तो गाढ झोपला, त्या गाढ झोपल्या.

विश्वास कोणावर तरी ‘असतो’ किंवा ‘बसतो’. ‘आजीचा आपल्या वैद्यांवर गाढ विश्वास होता.’ एखादी गोष्ट होईलच असं वाटत असेल तर गाढ नको, तिथे ‘मला पूर्ण विश्वास आहे’ किंवा ‘खात्री आहे’. गाढ विश्वास माणसावर असतो, देवावर असतो, फार तर एखाद्या उपचारावर असतो. उद्याच्या पावसावर नसतो. मैत्री जमते किंवा होते, स्नेह जडतो, अंधार दाटतो किंवा पसरतो.

नाम करायची वेळ आली तर ‘गाढपणा’, ‘गाढता’ यांच्या मागे लागू नका. वाक्य फिरवा. ‘झोपेची गाढता वाढते’ऐवजी ‘झोप अधिक गाढ होते’. ‘खोली’ हा शब्द वापरतानाही जपा, कारण तो राहायच्या खोलीचाही आहे. ‘त्यांच्या खोलीचा अंदाज आला नाही’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं. ‘विचारांची खोली’ असं पूर्ण लिहिलं की प्रश्न उरत नाही.

९. मोठ्याने वाचून दाखवा

लिहून झालं की त्या वयस्कर माणसाला वाचून दाखवा. चूक कोणती ते विचारू नका, कारण त्यांना ती सांगता येईलच असं नाही. फक्त चेहऱ्याकडे पाहा. कपाळावर आठी पडली तर त्या जागी पेन्सिलीने खूण करा आणि विचारा, “तुम्ही हे कसं म्हणाल?” मिळालेलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. माझ्या वहीतली निम्मी वाक्यं सासूबाईंची आहेत.

करून पाहा

रिकाम्या जागी काय येईल?

१. रात्रभर जागरण झालं, आता आजोबा ____ झोपले आहेत.
२. या प्रकरणाची ____ चौकशी व्हावी.
३. पहाटे घाटात ____ धुकं होतं.
४. आजारपणात तिचे डोळे ____ गेले.
५. बाई ज्ञानेश्वरीच्या ____ अभ्यासक आहेत.
६. निधनाची बातमी ऐकून ____ दुःख झाले.
७. आमटी जरा ____ झाली आहे, पाणी घाल.
८. त्या दोघी बहिणींचं एकमेकींवर ____ प्रेम होतं.

उत्तरं: गाढ, सखोल, दाट, खोल, गाढ्या, अतीव किंवा तीव्र, घट्ट. आठव्याला गाढ, नितांत आणि निस्सीम तिन्ही चालतात. निस्सीममध्ये त्या प्रेमाला हद्द नसल्याचं येतं, नितांतमध्ये त्याचं काठोकाठ भरलेपण येतं. दोघी फारसं बोलत नसतील, वर्षातून दोनदाच भेटत असतील आणि तरी एकीच्या घरी काही झालं की दुसरी पहिल्या गाडीने येत असेल, तर गाढ.